रिकामं वजन

१

शनिवारची सकाळ गेथिन प्रॉसर गाडीखाली घालवत असे आणि त्याचे सासरे एमलिन गाडीशेजारच्या स्टुलावर. वेल्समधल्या बरी पोर्ट गावाच्या त्या गल्लीत सगळ्यांना हे पाठ होतं. आठवडाभर गेथिन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि सुटीच्या दिवशी विश्रांती म्हणून पुन्हा गाडीच दुरुस्त करायचा. त्याच्या बायकोने, नेरिसने, यावर बोलणं केव्हाच सोडलं होतं.

गाडी १९७४ची, गोल नाकाची जुनी कॅम्पर. एका शेतावरच्या शेडमध्ये कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या, तिथून त्याने ती उचलली. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. खाली हिरवा, वर सायीचा रंग दिला. मागे दुमडली की बाक आणि उलगडली की पलंग अशी बैठक बसवली, दोन बर्नरची शेगडी लावली, पाण्याची टाकी ठेवली. नेरिसने घरच्या मशिनवर पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवल्या. तिची अट एकच होती.

"चार माणसं, चार सीटबेल्ट आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडची बोट. बोट चुकली तर गाडी आणि तू, दोघंही परत त्या कोंबड्यांकडे."

सगळं झालं, फक्त गाडी खाली आणायची राहिली. या जुन्या गाड्यांचे शौकीन गाडी जमिनीलगत बसवतात. त्यात त्यांना काय दिसतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"उंच आहे तर बिघडलं काय?" नेरिसने विचारलं.

"दिसते कशी ती. चिखलातून चालताना झगा वर धरल्यासारखी."

"मग धरू दे की. तुझा झगा आहे का?"

पण गेथिनने ठरवलं होतं. या गाडीच्या मागच्या चाकांना पिळलेल्या पोलादी दांड्या तोलून धरतात. दांडीच्या टोकांना दाते असतात. गाडी खाली आणायची तर चाक काढायचं, दांडी सोडायची, दोन-चार दाते फिरवायची आणि पुन्हा बसवायची. माप चुकलं तर सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जाणती माणसं आधी घरातल्यांची वजनं करतात आणि तेवढी बटाट्यांची पोती ज्याच्या त्याच्या जागी ठेवून गाडी कुठे घासते का ते बघतात. मग पोती काढून रिकाम्या गाडीची उंची शेवटची पक्की करतात.

रविवारी चॅपेलहून आल्यावर वजनकाटा व्हरांड्यात मांडला गेला. गेथिन चौऱ्याऐंशी, अकरा वर्षांचा तोमोस अडतीस, सहा वर्षांची मॅबली एकवीस. नेरिसने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून घडी करून दिला. एमलिननी उभं आयुष्य कोळशाच्या वखारीत, वजनाच्या भल्या मोठ्या काट्यावर काढलं होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली, लेकीकडे एकदा पाहिलं आणि तिच्या पोत्यात गुपचूप चार किलो बटाटे वाढवले.

"बटाटे ओले आहेत," ते गेथिनला म्हणाले. "सुकले की बरोबर होईल."

२

पोती घालून पाहिली, गाडी कुठे घासली नाही. पोती काढली. पुढच्या शनिवारी सकाळी गेथिनने चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप धरली. तीन कोपरे बरोबर भरले. मागचा डावा अर्धा इंच खाली निघाला.

त्याने मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि डावं चाक पुन्हा काढलं. दांडी सोडवून, एका टोकाला दाता पुढे आणि दुसऱ्या टोकाला मागे असं करत त्याने तो अर्धा इंच भरून काढला. दोन तास गेले. गाडी खाली घेतली, बंपरवर जोर देऊन चारदा दाबली, पुढे-मागे ढकलली आणि मापली. साडेसोळा आणि साडेसोळा. गॅरेजच्या भिंतीवर त्याने खडूने आकडे लिहिले आणि हात पुसले.

तेवढ्यात गाडीत कोणीतरी शिंकलं.

मागच्या बाकावर डाव्या कोपऱ्यात नव्या खोळींचा ढीग होता. त्यातून मॅबलीचं डोकं वर आलं. न्याहारी झाल्यावर गोष्टीचं पुस्तक घेऊन ती तिथे जाऊन बसली होती आणि झोपून गेली होती. घरात सगळ्यांना वाटलं ती शेजारी खेळते आहे.

एमलिन ठसका लागेपर्यंत हसले. "दोन तास झगडलास त्या अर्ध्या इंचाशी, आणि तो अर्धा इंच इथे झोपला होता."

"हसा तुम्ही."

"अरे बाबा, वखारीत नव्या पोराला पहिला धडा हाच द्यायचो आम्ही. रिकाम्या ट्रकचं वजन घेताना ड्रायव्हरला खाली उतरव. एकदा का तो रिकाम्या वजनात धरला गेला, की काट्याच्या लेखी तो माणूस उरतच नाही. तो ट्रकचाच झाला."

मॅबली डोळे चोळत उतरली आणि एमलिनना बिलगली. "तादकी, भूक लागली." आजोबांना दोन्ही मुलं तादकी म्हणत.

आता डावा कोपरा अर्धा इंच वर गेला असणार, आणि ते सगळं पुन्हा करायचं. गेथिनने कपाळाला हात लावला आणि किती वर गेला ते बघावं म्हणून टेप धरली.

साडेसोळा.

त्याने बंपर दाबून सोडला, गाडी हलवली, पुन्हा मापलं. साडेसोळा. मॅबलीला आत बसवलं. साडेसोळा. उड्या मार म्हणाला, तिने बाकावर मनसोक्त उड्या मारल्या. टेपवरचा आकडा तसूभर हलला नाही.

"हिला जेवायला घालता की नाही?" एमलिन म्हणाले. मग त्यांनी गेथिनच्या हातातून टेप घेतली, गुडघे टेकले आणि स्वतः मापलं. तेव्हा मात्र ते हसत नव्हते.

"दांडीच्या टोकांचे रबर नवे आहेत," गेथिन म्हणाला. "आवळून बसलेत. शंभर मैल चालली की मोकळे होतील."

हे खरंही असू शकत होतं. नवे रबर आवळून बसतात.

३

पुढच्या रविवारी सगळी पेम्ब्रेच्या पुळणीवर गेली. गाडी झोकात चालली. वाहनतळावर स्वान्सीचा एक माणूस दोनदा तिच्याभोवती फिरून आला आणि विकायची असेल तर कळवा म्हणून फोन नंबर देऊन गेला. गेथिनची छाती फुगली. तो थर्मासमधला चहा ओतत बाजूला उभा राहिला आणि आपलीच गाडी डोळे भरून बघत राहिला.

नेरिस उतरली, गाडी जराशी वर आली. तोमोसने उडी मारली, उजवी बाजू वर आली. मग मॅबलीने दोन्ही पाय जुळवून उडी मारली.

डावी बाजू होती तिथेच राहिली.

चहा कपाबाहेर सांडून त्याच्या बुटावर पडला तेव्हा तो भानावर आला. रबर, त्याने स्वतःला सांगितलं. पण नेरिस आणि तोमोस उतरले तेव्हा तेच रबर गाडीला वर येऊ देत होते.

दुपारी फिश अँड चिप्स खाऊन सगळी ओल्या वाळूवरून परत निघाली. मॅबली त्याचं बोट धरून चालत होती आणि शाळेत कोणी कोणाचा दात पाडला ते सांगत होती. सहज त्याने मागे वळून पाहिलं. त्याच्या पावलांत पाणी भरलं होतं. नेरिसच्याही. तोमोसच्या टाचांचे खड्डे पडले होते. मॅबलीची पावलं मात्र वरवर उमटली होती, पाच बोटं आणि चवड्याची पुसट कड, कुणी नुसता हात फिरवावा तेवढी.

तिथली वाळू घट्ट असेल, असं म्हणायची सोय नव्हती. त्याची खोल पावलं तिच्या पावलांना लागूनच होती.

"डॅड, तू ऐकत नाहीयेस."

"ऐकतोय गं. दात पडला."

"पडला नाही. पाडला."

त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने तिला उचलून घेतलं, म्हणजे उचलायला वाकला, आणि भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसे त्याचे हात एकदम वर गेले. मॅबली खिदळली. तिला वाटलं डॅडने मुद्दाम उंच फेकलं.

४

त्या रात्री त्याने नेरिसला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली.

"गेथ, मॅबलीला उचललंस का तू एवढ्यात?"

व्हरांड्यात काटा मांडला. सतरा. त्यांनी काट्याची बॅटरी बदलली. सतरा. पुढच्या रविवारी तेरा. त्याच्या पुढच्या रविवारी नऊ.

वजन उतरतं म्हणजे माणूस वाळतं, डोळे खोल जातात, कपडे ढगळ होतात. मॅबलीला यातलं काहीच झालं नव्हतं. गाल लाल, फ्रॉक अंगाबरोबर, जेवण तोमोसच्या बरोबरीने. दवाखान्यातल्या नर्सने तिला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, काट्याला चापट मारली आणि दुसऱ्या खोलीतून दुसरा काटा आणला. तोही बघून ती बराच वेळ मॅबलीच्या गुबगुबीत दंडाकडे पाहत राहिली. रक्त तपासायला दिलं. रक्त उत्तम निघालं. "दोन्ही काटे दुरुस्तीला पाठवते," ती म्हणाली, आणि तिचा सूर असा होता की नेरिसने पुढे काही विचारलं नाही.

घरात आता एक शांतता आली होती आणि ती कुठून येते ते कळायला गेथिनला काही दिवस लागले. मॅबलीच्या खोलीतली पलंगाची जुनी जाळी कुशीवर वळलं तरी करकरायची. खाली बैठकीत बसून ऐकू यायची. आता मॅबली उड्या मारायची तरी वर चिडीचूप. मांजर पलंगावर चढलं की मात्र जाळी वाजायची.

स्वैपाकघरात नेरिस भांडी विसळत पाठमोरी उभी होती. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "सकाळी तिला उठवायला जाते ना, तेव्हा पांघरूण सपाट असतं. आत ती असते, पण पांघरूण सपाट असतं. मी तिला उचलणंच सोडलंय, गेथ. आई आहे मी तिची, आणि हात लावायला भिते."

गेथिनने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि तो भांडी पुसू लागला.  आपली पोर आपल्या डोळ्यांदेखत कुठेतरी जाते आहे, आणि कुठे जाते आहे ते आपल्याला ठाऊक आहे, हे बायकोला कसं सांगायचं?

गॅरेजमध्ये तो रोज कमान मापत होता. साडेसोळा.

५

शेवटी त्याने एमलिनना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी घातली आणि म्हणाले, "गाडी काढ."

गावाबाहेर गुरांच्या खाद्याची गिरणी होती. तिथल्या अंगणात ट्रक तोलायचा काटा होता आणि काट्यावरचा माणूस एमलिनच्या हाताखाली शिकलेला. जूनमध्ये, गाडीचं आतलं काम संपलं तेव्हा, विम्याच्या कागदांसाठी त्यांनी तिचं वजन इथेच केलं होतं. त्यानंतर गाडीत सुईसुद्धा वाढली नव्हती. पाण्याची टाकी तेव्हाही रिकामी होती, आजही होती. इंधनाचा काटा तेव्हा होता तिथेच, निम्म्यावर होता.

दोघं उतरले, दूर उभे राहिले. खिडकीतल्या माणसाने आकडा ओरडून सांगितला. तेराशे साठ.

"जूनमध्ये तेराशे चाळीस," एमलिन म्हणाले.

"हा काटा वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी जातो. किलोभराच्या फरकानेही पायरी बदलू शकते."

"शकते." एमलिन गाडीच्या मागच्या डाव्या खिडकीकडे बघत होते. तिथला नेरिसने शिवलेला पडदा अर्धा ओढलेला होता. "आपली मॅबली दर आठवड्याला थोडी थोडी हिच्यात चाललीय, आणि गाडी खाली बसत नाहीये. का बसत नाहीये? कारण तू जागा आधीच करून ठेवलीस. पहिल्या दिवशीच. एकवीस किलोंची."

"एमलिन, हे वेड्यासारखं बोलताय तुम्ही."

"मग तू शहाण्यासारखं काहीतरी सांग. मला फार बरं वाटेल."

 गिरणीचा पट्टा कुठेतरी घरघरत होता आणि ओल्या कोंड्याचा वास येत होता. रोजचं जग अगदी जसंच्या तसं होतं, याचाच गेथिनला राग आला.

"विकून टाकतो," तो म्हणाला. "तो स्वान्सीवाला उद्या येऊन घेऊन जाईल."

"आणि तिच्याबरोबर काय काय विकशील?"

 गेथिन काट्याच्या लोखंडी कडेवर बसला. गाडी डोळ्यांसमोरून हलवायची सोय राहिली नव्हती. आता त्याला ती जाळताही येणार नव्हती आणि ठेवूनही घेता येणार नव्हती.

"वजन चुकीचं घेतलं गेलं तर आम्ही काय करायचो, सांगू?" एमलिन त्याच्याशेजारी उभे राहून म्हणाले. "पावती फाडायचो. ट्रक पुन्हा रिकामा आणायचा, आत कोणी नाही हे बघायचं आणि रिकामं वजन पुन्हा घ्यायचं. दुसरं काही येत नाही बाबा मला."

६

बोट शनिवारची होती. शुक्रवारी सकाळी मॅबली काट्यावर उभी राहिली तेव्हा काटा जागाच झाला नाही. आकडे उमटायची वाट बघत ती बराच वेळ उभी होती.

दोन दिवसांपासून वारा होता. नेरिसने पडद्यांच्या दुमडीत घालायचे शिशाचे तुकडे मॅबलीच्या कार्डिगनच्या काठात आतून शिवले होते. गेथिनने ते पाहिले आणि पाहिले नाहीत असं केलं. मॅबलीला थोडी सर्दी झाली होती, म्हणून दुपारी तिला वर पलंगावर झोपवलं. एमलिन तोमोसला घेऊन बंदरावर गेले. नेरिस स्वैपाकघरात प्रवासासाठी बेदाण्यांचा ब्रेड कापत बसली. बोटीचं कोणी नाव काढत नव्हतं, तरी ब्रेड कापला जात होता.

गेथिन गॅरेजमध्ये गेला.

गाडीतलं हलणारं सगळं त्याने बाहेर काढलं. गाद्या, खोळी, भांडी, पडदेसुद्धा. बाकाखाली बॅटरीचा झोत टाकून पाहिलं. कपाट उघडून पाहिलं. उघड्या बाजूच्या दारात उभा राहून त्याने विचारलं, "कोणी आहे का आत?" आणि स्वतःचाच आवाज ऐकून तो शरमला. एक चाळिशीचा माणूस, हातात पाना, रिकाम्या गाडीशी बोलतोय. आत उन्हाने तापलेल्या लाकडाचा वास होता आणि दुसरं काही नव्हतं.

मग त्याने डावं चाक काढलं. दांडी सोडली, त्या दिवशी फिरवलेले दाते एकेक उलटे फिरवले. उजवीकडे जसे होते तसे डावीकडे केले. घाम डोळ्यांत जात होता. तासाभराने चाक चढवून त्याने जॅक उतरवला, बंपर दाबला, गाडी पुढे-मागे ढकलली आणि टेप धरली.

सोळा. अर्धा इंच खाली. रिकाम्या गाडीचा डावा कोपरा सहा वर्षांचं पोर आत बसल्यासारखा खाली होता, आणि या खेपेस गाडीत ते नव्हतं हे त्याने स्वतः बघितलं होतं.

टेप हातात तशीच राहिली. त्याला रडू आलं. आता पुढे काय करायचं ते त्याला एमलिननी सांगितलं नव्हतं आणि कुणीच सांगणार नव्हतं.

त्याच वेळी आतल्या लाकडी जमिनीवर बारीक आवाज झाला. बाकापासून दारापर्यंत, चार-पाच वेळा. गाडी एकदा हलकेच डुलली. आणि त्याच्या अंगठ्याखाली, टेपवर, कमानीची कड सावकाश वर सरकली. सव्वासोळा. साडेसोळा. थांबली.

तो हलला नाही. गॅरेजमधून स्वैपाकघरात जायच्या दारासमोर काथ्याचं पायपुसणं होतं. त्याचे राठ केस एका जागी दबले, मग वीतभर पुढे दबले, आणि पहिल्या जागचे पुन्हा उभे राहिले.

गेथिनला भीती वाटली नाही. त्याला कृतज्ञता वाटली. परत आलं होतं. ज्याचं होतं त्याच्याकडे निघालं होतं.

"वर आहे ती," तो दाराकडे बघून हळूच म्हणाला. "जिन्याने वर जा, डावीकडची खोली. झोपलीय पलंगावर."

पायपुसण्यावर आता काही नव्हतं. स्वैपाकघरात सुरी ब्रेडवर चालत होती. जिन्याच्या पायऱ्या खालून वर वाजत गेल्या. थोड्या वेळाने वर पलंगाची जाळी करकरली, महिन्याभरात पहिल्यांदा, कोणीतरी पांघरुणात शिरून कूस घेतल्यासारखी. सुरी थांबली. नेरिसची खुर्ची मागे सरकली, आणि ती धावत वर गेल्याचं त्याला ऐकू आलं.

तो जमिनीवर बसला आणि ओंजळीत तोंड धरून हसला.

"डॅड," मागून आवाज आला. "कोणाशी बोलत होतास?"

७

मॅबली गॅरेजच्या मोठ्या दारात उभी होती. बागेतून आली होती. हातात शेजारच्यांच्या कुंपणावरच्या दोन तुती होत्या आणि तोंड त्याच रंगाने माखलेलं होतं.

"तू वर झोपली होतीस ना?"

"झोप येत नव्हती. मागच्या दाराने गेले. मॅमला सांगू नको." तिने एक तुती पुढे केली. "तुला एक."

गेथिन उठला, तिच्यापर्यंत गेला आणि त्याने तिला उचललं. हात एकदम वर गेले. त्याने तिला छातीशी घट्ट धरलं. तिचा श्वास गरम होता, केसांना उन्हाचा वास होता, आणि ती त्याच्या हातांत भरत नव्हती.

"गेथ." नेरिसची हाक जिन्यावरून आली. ती रडत होती. "गेथ, ऐकतोस का, अरे जड झालीय ही. जड झालीय माझी पोर. आणतेय मी तिला, थांब, पायरी उतरू दे, केवढी जड झालीस गं तू, कंबर मोडेल माझी."

पायऱ्या एकेक करून वाजल्या, दोघांच्या वजनाने वाजतात तशा. गेथिनला ओरडायचं होतं. 

नेरिस दारात आली. मॅबलीची दुलई तिने कडेवर घेतली होती, डोक्यावरून गुंडाळलेली, सर्दी झालेल्या पोराला घेतात तशी. त्या ओझ्याने ती एका बाजूला कलली होती आणि तिचा स्वेटर गळ्यापाशी ताणला गेला होता. मुठीत धरल्यावर जशा चुण्या पडतात तशा चुण्या तिथे पडल्या होत्या. डोळे लाल झाले होते आणि ती हसत होती.

"घे ना जरा," ती म्हणाली. "बघ तरी किती..."

मग तिला त्याच्या हातांतली मॅबली दिसली.

 मॅबलीने गेथिनच्या खांद्यावरून मान पुढे काढली.

"मॅम, ते कोण आहे?"

नेरिसने दुलईत वाकून पाहिलं नाही. गेथिन डोळ्यांनीच तिला सांगत होता, ठेव, खाली ठेव, आणि तिला ते समजत होतं. दुलई तिच्या खांद्यावर जराशी हलली, झोपेत डोकं नीट टेकवावं तशी. नेरिसचं हसू तोंडावरच राहून गेलं होतं. तिने आपला मोकळा हात वर आणला, दुलईला खालून आधार दिला आणि ते ओझं सावरून पुन्हा नीट कडेवर घेतलं.